गुडघा टेकल्याशिवाय शेत नाही

खेळ बनवणारी कंपनी परदेशातली आहे, तिला माझ्या आजोबांशी काही देणंघेणं असायचं कारण नाही, हे मला कळतं. कळून राग कमी होत नाही, एवढंच.

खेळ तसा फार मोठा आहे. डोंगर, नद्या, गावं, बाजार. वाटेल तिकडे जा, कुणी अडवत नाही. मूळ खेळात आपण शूरवीर असतो आणि दिसेल त्याला कापत सुटायचं असतं. मला त्यात रस नाही. दिवसभर तामसीच्या तहसील ऑफिसात बसून लोकांच्या जमिनीची भांडणं ऐकायची आणि संध्याकाळच्या बसने उभ्याउभ्या आदिलाबादला परत यायचं. एवढं झाल्यावर आणखी कुणाचा मुडदा पाडायची इच्छा राहत नाही. म्हणून मी मॉड वापरते. मॉड म्हणजे खेळात बाहेरून घातलेली दुरुस्ती. कुठला तरी हौशी माणूस ती बनवून फुकट ठेवतो. आपण ती उतरवून घ्यायची आणि खेळाला आपल्या मनासारखं वळण लावायचं. मला शूरवीर नको होता. मला माझा आबा हवा होता.

आबा, म्हणजे माझ्या बाबांचे वडील, सालदार होते. पाडव्याला मालकाच्या अंगणात जाऊन उभं राहायचं, सालाचं ठरवून घ्यायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्याच्या शेतात राबायचं. स्वतःची जमीन शून्य. मी त्यांना पाहिलेलं नाही आणि घरात त्यांचा फोटोही नाही. म्हणून चेहरा मी बाबांचा घेतला आणि गाल थोडे आत ओढले. रंगाची पट्टी शेवटच्या टोकापर्यंत सरकवली तरी माणूस तांबूसच दिसत होता, त्यासाठी वेगळा मॉड. धोतर कुणी बनवलेलंच नव्हतं. एका साधूचा झगा पांढरा करून, खालून कापून, कसंतरी भागवलं. बैलांचा एक मॉड, नांगराचा एक. एक घातला की दुसरा बंद पडायचा. खेळ सुरू व्हायच्या आधीच नाकी नऊ आले. नमनालाच घडाभर तेल म्हणतात ते हेच.

बाबा निवृत्त शिक्षक. माझ्या खेळण्याला ते 'रिकामा धंदा' म्हणायचे. एका रविवारी चहाचा कप घेऊन मागून जाताना थांबले.

"हे कोन होय?"

"आबा."

बाबांनी कप खिडकीत ठेवला आणि खुर्ची ओढली. त्या दिवसापासून खेळावरची माझी मालकी गेली.

"असा नवता चालत माहा बाप. पाय टाकत चालाचा. हा तं लग्नाले चालला असं वाटते." चालीचा मॉड शोधला. "डोक्यावर टोपी काऊन? दुपट्टा गुंडाळाचा तो." दुपट्टा केला. हेही ठीक होतं. पण या खेळात लोकांच्या घरात घुसून पेट्या उघडल्याशिवाय कुणाचं पोट भरत नाही, तशी रीतच आहे त्याची. मी एका घरातली भाकर उचलली तर बाबा केवढ्याने ओरडले.

"ठेव ते! कोनाचं हाय ते?"

"बाबा, खेळ आहे हा."

"तं खेळात चोर करतं का त्याले?"

भाकर ठेवली. आबा उपाशीपोटी नांगर हाकत राहिले. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "तुमा दोघाइले दुसरं काई काम नाई का?" बाबांनी ऐकलं नाही. त्यांचं लक्ष नांगराकडे होतं.

हे सगळं मी सहन केलं, कारण पुढे शेत होतं. शेतकऱ्याचं आयुष्य जगायचा एक मॉड मी घातला होता, त्यात तशी सोय होती. एका जहागीरदाराच्या शेतावर पुरेसं राबलं की तो आपल्याला वाड्यावर बोलावतो आणि जमिनीचा एक तुकडा कायमचा देतो. ओढ्याकाठचा, काळ्या मातीचा. बाबांनी तो लांबून पाहून ठेवला होता. कडेला बोरीचं झाड हवं म्हणाले, मी तेही लावायचं कबूल केलं होतं. आमच्याकडे मोठ्या जमीनदाराला तेलुगूत 'दोरा' म्हणतात, त्यामुळे बाबांच्या तोंडी त्या जहागीरदाराचं नावही दोराच पडलं. "दोरानं बोलावलं का?" हे बाबा मी बसमधून उतरून घरात पाय टाकायच्या आत मला विचारायचे. माझ्या ऑफिसची चौकशी त्यांनी इतक्या आस्थेने कधी केली नाही.

एकदाचं बोलावणं आलं. आबा वाड्यात गेले. दोरा उंच खुर्चीवर बसलेला. आणि तिथे खेळाने माझ्या हातातून सूत्रं काढून घेतली. आबा आपोआप चार पावलं पुढे गेले, एक गुडघा जमिनीला टेकला, मान खाली घातली.

"काऊन वाकून राह्यला तो?" बाबा म्हणाले.

"आपोआप होतं ते. आता जमीन देईल."

"बंद कर."

"दोन सेकंद थांबा, बाबा—"

"बंद कर म्हनलं ना!"

बंद केलं. बाबा उठून अंगणात गेले. मी मागे गेले, मीही तापले होते. एवढ्या महिन्यांची मेहनत, आणि ऐन वेळी हे! म्हटलं, "विहारात वंदनेला तं वाकता ना तुमी? गुडघे दुखून राह्यले तरी?"

बाबा शांतपणे म्हणाले, "तेथं मले कोनी वाक म्हनत नाई."

मग त्यांनीच सांगितलं. लहानपणी पाडव्याला ते आबांबरोबर मालकाकडे जायचे. आबा चपला फाटकाबाहेर काढायचे आणि मालक बाहेर येईपर्यंत, कुणी पाहत नसतानाही, कमरेत वाकून उभे राहायचे. "मी इचारलं तं म्हने, सवय ठेवा लागते." बाबांना जमीन हवी होती, पण सरळ कमरेने हवी होती.

मग मी ते गुडघा टेकणं काढून टाकायच्या मागे लागले आणि माझ्या आयुष्यातले कितीतरी रविवार वाया घालवले. ते मॉडमधलं नव्हतं, मूळ खेळातलं होतं: शूरवीराने गुडघा टेकायचा, राजाने त्याच्या खांद्याला तलवार लावून 'ऊठ' म्हणायचं आणि मग इनाम द्यायचं. तलवारी बदलायचे शेकडो मॉड, बायकांचे कपडे कमी करायचे तर विचारूच नका, पण माणसाला ताठ उभं ठेवायचा एकही नाही. जवळपासचे वाटले ते घालून पाहिले. एकाने आबा जमिनीत गुडघ्यापर्यंत रुतले. दुसऱ्याने दोराच उलटा टांगला गेला. बाबा खूश झाले, पण जमीन मिळाली नाही. तिसऱ्याने खेळच उघडेना. शेतकऱ्याचा मॉड बनवणाऱ्याला लिहिलं. त्याचं उत्तर आलं: दोन सेकंदांचं तर दृश्य आहे, इतकं काय त्यात? खाली आणखी चौघांनी उंटावरून शेळ्या हाकल्या. मी लांबलचक उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं. पाडव्याचं अंगण त्यांना कोणत्या भाषेत सांगू? दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक म्हातारा चपला दाराबाहेर काढून, वाकत वाकत माझ्या टेबलापाशी आला, तर मी त्याच्यावरच खेकसले. "सरळ उभे राहा आधी!" तो बिचारा आणखीच वाकला.

शेवटी मी स्वतःच त्या हालचालीची फाइल उघडली. दुसरीकडून नुसती उभं राहायची हालचाल आणली आणि तिच्या जागी चिकटवली. शिकून शिकून डोळे गेले. मग रविवारी दुपारी बाबांना हाक मारली. ते खुर्चीवर बसले, आईही दारात येऊन उभी राहिली.

आबा वाड्यात शिरले. चार पावलं पुढे गेले आणि थांबले. उभेच. मान वर, हात सैल. दोराने तलवार उचलली आणि आबांच्या कमरेच्या आसपास, गुडघा टेकलेल्या माणसाचा खांदा जिथे असता तिथे, हवेत टेकवली. मग इंग्रजीत म्हणाला, "ऊठ."

आबा उभेच होते.

दोराने हात पुढे केला नाही, कागद दिला नाही. थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "ऊठ." परत तेच. मला कळायला वेळ लागला नाही. टेकलेला गुडघा उचलला जाईल तेव्हाच पुढचं सुरू होणार होतं, आणि टेकलेला गुडघा आता कुठेच नव्हता. जमीन मिळणार नव्हती. ना आज, ना नंतर. संगणक उचलून अंगणात फेकावासा वाटला. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचंच होतं.

"नाई मिळत बाबा शेत," मी म्हटलं. "अडकला हा."

बाबा पुढे झुकून पडदा बघत होते. दोरा परत म्हणाला, "ऊठ."

"तो अडकला," बाबा दोराकडे बोट करून म्हणाले. "आपला कोठं अडकला? चालवून पाह्य त्याले."

मी बटण दाबलं. आबा वळले आणि पाय टाकत दाराकडे चालू लागले. मागे दोरा तलवार धरून रिकाम्या फरशीलाच उठायला सांगत राहिला.