महरीनची पस्तीसची लेन्स

महरीन मुकादमचा शिवणक्लास मिरकरवाड्याच्या चढावर आहे. दिवसभर बायकांच्या खांद्याकमरेला टेप लावायचा आणि तोंडाने अखंड बडबड. पण रस्त्यावर कोणाचा फोटो काढायचा म्हटलं की हीच बाई विजेच्या खांबाआड उभी राही.

जमालमामूंनी तिला आपला जुना रोलचा कॅमेरा दिला. मामूंची हयात जहाजावर गेली. कॅमेरा ठणठणीत होता, पण लेन्स आपल्या दमट हवेत बुरशीने खाल्लेली. म्हणजे दुसरी घ्यायची, आणि एकच घ्यायची.

"नव्वद मिलिमीटरची घे," मामू म्हणाले. "लांबूनच माणूस जवळ दिसतो. कोणाला पत्ताही लागत नाही."

महरीनला हे फार पटलं. मुंबईचा दुकानदार मात्र फोनवर पन्नासचीच शिफारस करत राहिला.

या कॅमेऱ्याची एक गंमत आहे. त्याची बघायची खिडकी वेगळी, लेन्समधून बघावं लागत नाही. खिडकीत पांढऱ्या रेघांची चौकट दिसते. पुढची छोटी दांडी सरकवली की लेन्सच्या आकड्याप्रमाणे चौकट बदलते: पस्तीसच्या लेन्सची मोठी, नव्वदची इवलीशी. मग लेन्सशिवायच बघून ठरवू, म्हणून महरीन सकाळी जेटीवर गेली. कॅमेऱ्याच्या तोंडाला नुसतं काळं झाकण.

खांबाआडून तिने नव्वदची चौकट मासेवाल्या जनीवर धरली. जनी सुरमई कापत होती. चौकटीत तिचा चेहरा तेवढा मावला. सुरमई बाहेर, गिऱ्हाईक बाहेर, आणि ती एवढी ओरडतेय कोणावर तेही कळेना.

जनीने पाहिलंच. "काय गो, चोरासारखी तिकडून काय बघतेस? इकडं ये!"

महरीन गेली. इतकी जवळ की माशांचं पाणी ओढणीवर उडालं. जनीने केस सारखे केले, पदर खोचला, मान ताठ केली. "काढ."

"मावशी, याला लेन्सच नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे... फोटो येणार नाही."

जनी खो खो हसत सुटली. "डोळाच नाय, नि ही फोटो काढतेय!"

शेजारणीही हसायला लागल्या. महरीनने हळूच दांडी सरकवली. पस्तीसच्या चौकटीत जनी होती, सुरमई होती, शेजारणी होत्या, मागच्या बोटीसुद्धा होत्या. फक्त त्यासाठी असं अगदी समोर उभं राहावं लागत होतं.

त्याच दुपारी तिने पस्तीसची मागवली.

"मग लोकांशी बोलावं लागेल तुला," मामू म्हणाले.

"त्याचीच धास्ती होती. पण बोलणं तर मला येतं की!"

पहिला रोल धुऊन आला तेव्हा निम्मे फोटो धूसर होते. एकात तर तिचंच बोट. जनीचा एक मात्र झकास आला होता: बोलता बोलता तिने सुरमई वर उचललेली, अर्धा चेहरा शेपटीआड.

"माझा काढायला सांगितला, माशाचा काढलास!" जनी करवादली. तरी ओले हात लुगड्याला पुसून तिने फोटो घेतला आणि बाजारभर दाखवत फिरली.

दुसरा रोल महरीनने संगमेश्वरच्या एका लग्नात संपवला, नवरीच्या खोलीत, मेंदी लावणाऱ्या बायकांच्या घोळक्यात मांडी घालून.