दोन पर

आमच्या कॉलेजची प्राणीशास्त्राची सहल मालवणला गेली, तेव्हा मला नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. औरंगाबादेत जन्मलेल्या माणसाचा समुद्राशी संबंध तो किती? माझा तर काचेच्या बरण्यांपुरताच होता. फॉर्मॅलिनमध्ये पिवळे पडलेले मासे, त्यांच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठ्या, चिठ्ठीवर नाव. नाव पाठ असलं की मासा ओळखला, अशी माझी ठाम समजूत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही होडीतून बंदराबाहेर गेलो. एकोणीस मुलं-मुली, मी आणि होडी हाकणारे एक वयस्कर तांडेल. पाणी अगदी शांत होतं. अचानक उजव्या बाजूला, पन्नासेक हातांवर, पाण्यातून दोन काळे पर वर आले. त्रिकोणी, टोकाशी किंचित वळलेले, एकमेकांच्या शेजारी.

"मॅडम, शार्क! दोन शार्क!" मुलं एका बाजूला धावली, होडी कलली. तांडेल ओरडले, "बसा खाली! बोट दाखवू नकात!"

"काका, हे काय आहे?" मी विचारलं.

"मोठा जनावर आसा. नाव घेव नये. गप रवा." आणि त्यांनी होडी सरळ उलट्या दिशेला वळवली.

मी वहीत मिळेल ते लिहून घेतलं. दोन्ही परांमधलं अंतर चार-पाच फूट, शेवटपर्यंत तेवढंच. कधी एक बुडायचा, कधी दुसरा, कधी दोन्ही एकदम. टोक वळलं की खालून पांढरं चमकायचं. मागं शेपटीचा पर नाही. मग दोन्ही दिसेनासे झाले. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कुठल्या जातीचा शार्क?" मी म्हणाले, "पुस्तकात बघून सांगते." किनाऱ्याला लागल्यावर तांडेलांना गाठावं म्हटलं, तर मुलांना उतरवून हजेरी घेईपर्यंत ते दुसरी माणसं घेऊन निघूनही गेले होते.

परत आल्यावर मी पुस्तकांना भिडले. ग्रंथालयातली जाडजूड इंग्रजी पुस्तकं घरी नेली. प्रत्येक पुस्तक मलाच उलटे प्रश्न विचारायचं. कल्ल्यांच्या फटी किती? दात कसे? पोटाकडच्या पराला काटे किती? अहो, मला दोन टोकं दिसली होती आणि भोवती नुसतं पाणी! आमचं सगळं शास्त्र टेबलावर आडव्या पडलेल्या मेलेल्या माशाचं. जिवंत मासा जेवढा वर येतो तेवढ्यावरून तो कसा ओळखावा, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्राला सविस्तर पत्र लिहिलं, सोबत चित्र काढून पाठवलं. दीड महिन्यानं एका ओळीचं उत्तर आलं: नमुना असल्यास पाठवावा.

विभागप्रमुखांना अहवालाची घाई होती. ते पोलीस ॲक्शनच्या आधी हैदराबादेत उर्दूतून शिकलेले, शिस्तीचे आणि कागदाचे पक्के. सहलीत दिसलेल्या प्राण्यांची माझी यादी बघून म्हणाले, "बाई, सतराव्या नंबरला 'मालूम नाही' काय लिहिलंय? आपण काय चौकीत जबाब देतोय? नाव लिहा."

"सर, खात्री नाही."

"एकोणीस मुलांनी शार्क बघितले ना? मग शार्क दोन नग. बस."

मी लिहिलं. सही केली. अहवाल वर गेला आणि त्याची एक प्रत आमच्या कपाटात राहिली. त्या कपाटासमोरून जाताना मला दर वेळी स्वतःचाच राग यायचा.

पुढं एका तासाला मी फळ्यावर ते दोन पर काढून दाखवले. तास संपला, मुलं गेली. आमचे परिचर मामा मागं बरण्या पुसत होते. देवगाव रंगारीकडचे, मेंढपाळाच्या घरातले. निम्मं आयुष्य मेंढरांमागं काढून मग कॉलेजात लागलेले. ते फळ्यापुढं येऊन उभे राहिले.

"मॅडम, ही दोन जनावरं हायेत व्हय?"

"हो मामा, शार्क."

"किती येळ दिसली?"

"असतील पाच-सात मिनिटं."

"आन् अंतर असंच? एक बी पुढं-मागं झालं नाय?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. "मग दोन नाय. जुळी कोकरं बी अशी चालत नाय, मॅडम. एक रेंगाळतं, एक पुढं पळतं. ह्येंच्या मधी कायतरी हाय. एकच जनावर हाय ते."

मी इतकी वैतागलेली होते की फटकन बोलले, "मामा, तुम्ही समुद्र तरी पाहिलाय का?"

"नाय," ते म्हणाले, आणि पुन्हा बरण्या पुसायला लागले.

मी खोलीत जाऊन वही उघडली. अंतर चार-पाच फूट, शेवटपर्यंत. शेपटीचा पर नाही. खालून पांढरं. सगळं माझ्याच अक्षरात होतं! मी धावत परत आले, पाकटाची बरणी खाली काढली. पाकट म्हणजे पसरट मासा, दोन बाजूंना पंख असावेत तसा. आम्ही तो कायम ताटलीत सपाट ठेवून शिकवायचो. मी तो बाहेर काढून दोन चिमट्यांनी त्याच्या दोन्ही बाजू वर उचलल्या आणि डोळ्यांच्या रेषेत धरला. दोन त्रिकोणी टोकं. शेजारी शेजारी. खालून पांढरी.

"मामा," मी म्हणाले, "चुकलं माझं. एकच होता."

त्यांनी हात पुसत वाकून त्याच्याकडं पाहिलं. "एवढुसा?"

"याच्या कुळातला, पण फार मोठा. या टेबलाहून मोठा."

"मग त्येचं नाव काय?"

"तेवढं अजून सांगता येत नाही. पाकटांत मोठे, वरच्या पाण्यात फिरणारे बरेच प्रकार आहेत."

"लई अवघड काम हाय तुमचं," ते म्हणाले. थट्टेनं नाही, खरोखर वाईट वाटल्यासारखं.

विभागप्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं आणि फाइल बंद केली. "अहवाल गेला. आता दुरुस्ती पाठवली तर काय लिहायचं? शिपायानं सांगितलं?"

"त्यांनीच सांगितलं, सर."

"जाऊ द्या."

मला जाऊ देता आलं नाही. कपाटातली प्रत काढली, शार्क दोन नग यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: मोठा पाकट, एक, जात अनिश्चित, प्रयोगशाळा परिचरांच्या निरीक्षणावरून. खाली सही केली. आठच दिवसांत मला मेमो आला, कार्यालयीन कागदपत्रांत खाडाखोड केल्याबद्दल. खुलाशात मी पुन्हा तेच लिहिलं. सरांनी बोलावून सांगितलं, परिचरांची ओळ तेवढी काढा, प्रकरण मिटवतो. मी काढली नाही.

प्रकरण मिटलंही नाही आणि वाढलंही नाही, नुसतं पडून राहिलं. मात्र सहल नेण्याचं काम माझ्याकडून गेलं, ते कायमचं. पुढं मी माझ्या खर्चानं चार वेळा मालवणला जाऊन आले. चारही वेळा होडीत बसून डोळे दुखेपर्यंत पाण्याकडं बघितलं. मुशी, म्हणजे लहान शार्क, दिसल्या, एकदा डॉल्फिन दिसले. तसा पाकट पुन्हा दिसला नाही, आणि त्याची नेमकी जात मला आजही सांगता येत नाही.