ताईने सोडलेले मासे

ताईच्या साठीला मी मस्कतहून तिला न कळवता आलेलो. माजिवड्याला बस घेऊन सगळे नातेवाईक थांबणार, ताईला तिथे आणायचं आणि दोन दिवस समुद्रावर जायचं, असं ठरलेलं. पण डोंबिवलीच्या घरातून तिला बाहेर काढणार कसं? भाच्याने तिला सांगितलं, "मामा तुला न कळवता मस्कतहून आलाय, आणि विमानतळावरून येतानाच त्याला अ‍ॅटॅक आलाय. माजिवड्याच्या हॉस्पिटलात आणलाय." हे तो सांगणार आहे, ते मला आधीच माहीत होतं. मी हसलेलो.

ताई भाच्याच्या गाडीतून उतरली, मला बसच्या दारात धडधाकट उभा बघितलं आणि थोबाडीत मारली. मग रडायला लागली. "मेल्या, वाटेत तुझ्यासाठी देवीला मासे सोडले मी. कायमचे."

मासे म्हणजे ताईचा जीव. आई गेली, मी नववीतून शाळा सोडली, तेव्हाही ती मला तुकडा वाढायची आणि स्वतः नुसत्या कालवणावर भागवायची.

"अगं, खोट्यावर केलेला नवस लागत नाही," मी म्हटलं.

"खोटं तुम्ही बोललात. मी देवीशी खरंच बोलले."

समुद्रावर सगळ्यांच्या ताटात बांगडे होते. तिने वरणभात घेतला आणि माझ्या बांगड्याचे काटे काढत बसली. "खा," म्हणाली. नवस मोडला तर मला काहीतरी होईल, ही भीती तिच्याइतकीच मलाही होती. म्हणून मी तिला पुन्हा आग्रह केला नाही. निमूट खाल्लं.