देव्हाऱ्यातला दुसऱ्याचा नारळ

गणपतकाकांनी जन्मभर फोर्टातल्या एका ऑफिसात लिफ्ट चालवली. अजूनही कोणी जिना चढून आलं की ते दारातून म्हणतात, "सावकाश. पाय जपून." आमच्या चिंचपोकळीच्या चाळीला लिफ्ट नाही. त्यांच्या बायको, सरोजिनीकाकू, दिवाळीपासून तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेल्या नाहीत. संडास गॅलरीच्या पार टोकाला, तिथपर्यंत त्या भिंत धरधरून जातात. कल्याणला तळमजल्यावरची एक खोली काकांनी बघून ठेवली होती, संडास आत. तो मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. तोवर इथली खोली विकली जायला हवी होती.

आधी खालच्या हितेंद्र एजंटला सांगितलं होतं. एकदा त्याने गिऱ्हाईक आणलं आणि जिन्यातच त्याच्या कानाला लागला, "म्हातारी आजारी आहे, अर्जंट आहे. खेचा खाली, येतील." कुजबुज असली तरी हितेंद्रची कुजबुज दोन मजले ऐकू येते. काकांनी त्याला दारातूनच परत धाडलं आणि जिन्याखाली पाटी लावली: खोली विकणे आहे, थेट मालकाकडून, दलालांनी तसदी घेऊ नये.

फोन आले ते सगळे दलालांचे. "अंकल, पार्टी एकदम रेडी. आप बस चाबी दो."

जी खरी माणसं आली, त्यांना काकांसारखा विक्रेता अख्ख्या लालबाग-परळात सापडायचा नाही. "आधी संडास बघा," ते म्हणायचे. "मग पाणी. पहाटे येतं, उठला नाहीत तर गेलं. आणि तो कोपरा पावसात ओला होतो." माणूस जिना उतरायला लागला की वरून, "सावकाश. पाय जपून."

मग शंतनु आणि श्रेया आले, नवीनच लग्न झालेले. त्यांना कोपरासुद्धा आवडला. "सो क्यूट ना, गॅलरी," श्रेया म्हणाली. निघताना शंतनुने पिशवीतला नारळ काढला, देव्हाऱ्यात ठेवला, काकांच्या पाया पडला. "काका, आमचं पक्कं समजा हं."

काकांनी त्याच संध्याकाळी पाटी काढली. गावाकडे देवापुढे नारळ ठेवला की बोलणं संपलं. कागद नंतर होतात. काकू म्हणाल्या, "अहो, टोकन तरी घ्यायचं." काका म्हणाले, "देवाफुडे नारळ ठेवलेलो हा गो. आणि काय व्हया?"

शंतनुचा फोन लागेना. रोज रात्री जेवून काका लावायचे, आणि स्पीकरवरची ती गोड बाई सांगायची, आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती सध्या उपलब्ध नाही. काका तिचं पूर्ण ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं."

महिना संपत आला तेव्हा वरळीच्या बीडीडी चाळीतला राजरत्न आला. बँकेत नोकरीला. जुनी पाटी त्याच्या मित्राने पाहिली होती. संडास बघितला, पाणी विचारलं, म्हणाला, "घेतो. लोन पास झालंय."

काका म्हणाले, "एक नारळ येऊन पडलाय हो. शब्द दिलाय."

राजरत्नने देव्हाऱ्याकडे बघितलं, मग काकांकडे. "काका, नारळच ना? दुसरं काही असेल तर तोंडावर सांगा. सवय आहे आम्हाला."

काकांनी त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला. "नाय रे बाबा. तसा काय नाय." काकूंनी आतून सांगून पाहिलं, "अहो, खरंच नारळच आहे." ते जितकं खरं, तितकं ते ऐकायला खोटं वाटत होतं. राजरत्नने चहा पूर्ण प्यायला. "रविवारपर्यंत थांबतो," म्हणाला आणि उतरला. त्या दिवशी काका 'पाय जपून' म्हणायचं विसरले.

रविवारीसुद्धा तीच बाई. सोमवारी शंतनुचा फोन श्रेयाने उचलला. काकांनी स्पीकर लावला; मी शेजारची, तिथेच बसले होते.

"कुठला नारळ, काका? अच्छा, तो! अहो, आम्ही ठाण्यात घेतलं. सॉरी हं, सांगायचं राहिलं."

"मग नारळ घेऊन जावा तुमचा."

"असू दे हो. चटणी करा."

काकांनी राजरत्नला फोन लावला. त्याने परळला दुसरी खोली बघितली होती, टोकन देऊन झालं होतं. काका नारळाबद्दल पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. तो म्हणाला, "असू दे काका. राहू दे," आणि फोन ठेवला. कल्याणच्या मालकाला त्यांनी फोन केलाच नाही.

काकू दारातल्या खुर्चीवर होत्या. मला म्हणाल्या, "ती कशी बोलली गं? करून दाखव." मी मान वाकडी करून श्रेयाच्या आवाजात म्हटलं, "चटणी करा." काकू हसल्या, डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग भिंतीला हात लावून उठल्या आणि गॅलरीच्या टोकाकडे निघाल्या.

"आणा, फोडूया," जाता जाता त्या म्हणाल्या.

काकांनी नारळ उचलला, कानाशी धरून हलवला. पाणी वाजलं नाही. त्यांनी तो परत देव्हाऱ्यात ठेवला, शेंडी देवाकडे करून.

"तेंचो हा तो," ते म्हणाले. "आपण कसो फोडूचो?"