सावरखोंडची वाट

चंद्रकला शहापुरात राहून अजून न बांधलेल्या घरांची चित्रं करायची. हायवेच्या कडेला जमिनी घेऊन मुंबईकरांसाठी बंगले काढणारे लोक तिच्याकडे नकाशे आणून टाकत. ती त्यांवरून कॉम्प्युटरवर अख्खा बंगला उभा करून देई: व्हरांडा, जिना, गच्चीवरची झाडं, सगळं. गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या फाटकातून आत शिरे, खोल्याखोल्यांतून हिंडून येई आणि पाया खणायच्या आधीच पडद्यांचा रंग ठरवून मोकळं होई. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, पत्र्याखालच्या दोन खोल्यांत हे काम चाले. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, मागच्या खोलीत संसार. संसार म्हणजे ती आणि तिची आई, सकुबाई.

मूळचं घर किन्हवलीकडचं, भातशेतीचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शहापुरात कॉम्प्युटरचा पहिला क्लास निघाला तेव्हा चंद्रकलेनं हट्टानं नाव घातलं. पुढं ठाण्याला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काही वर्षं काढली. वडील गेले, आई एकटी पडली, तशी ती नोकरी सोडून शहापुरात आली आणि आईलाही घेऊन आली. या सगळ्यात लग्न राहून गेलं. राहून गेलं असं लोक म्हणत. ती स्वतः त्याबद्दल काही बोलत नसे.

सकुबाईचं माहेर सावरखोंड. भातसा धरणात पाणी साठलं तेव्हा जी गावं पाण्याखाली गेली त्यांतलं ते एक. सकुबाई तेव्हा सासरी नांदत होती. तिच्या लेखी एका पावसाळ्यात माहेर होतं आणि पुढच्या पावसाळ्यात नव्हतं. भाऊ जागा मिळेल तिकडे पांगले. धाकटा कोंडू मुरबाडकडे स्थिरावला. दर भाऊबीजेला सकुबाई त्याच्याकडे जाई. पण निघताना ती "भावाकडं जाते" म्हणायची. "माहेरी जाते" असं तिच्या तोंडून चंद्रकलेनं कधी ऐकलं नव्हतं.

एका दुपारी एक गिऱ्हाईक बंगला पाहून खूश होऊन गेलं. सकुबाई चहाचे कप उचलायला आली आणि पडद्यासमोर उभीच राहिली.

"गो चंद्रे, ह्यो बंगला अजून हाये कुठं?"

"कुठंच नाही. नुसतं माळरान आहे तिथं."

"म्हंजी नसल्यालं घर दिसतं." ती जरा थांबली. "मंग बुडल्यालं दिसल काय?"

चंद्रकलेनं आईकडे पाहिलं. सकुबाई थट्टा करत नव्हती.

त्या दिवसापासून, हातातली कामं सांभाळून, चंद्रकला सावरखोंड बांधायला बसली. नकाशा नव्हता, फोटो नव्हता. आई सांगेल तोच नकाशा. आणि आईची मापं तरी कसली! ओटी किती रुंद? तर दोन बाया सूप घेऊन समोरासमोर बसतील एवढी. नदी घरापासून किती लांब? तर ओटीवरून हाक मारली की धुणं धुणारीला ऐकू जाईल एवढी. चंद्रकला ती हाक मीटरांत बसवी. कुडाच्या भिंती झाल्या, कौलं चढली, गोठा झाला, गावाला ज्यांच्यावरून नाव पडलं त्या काटेसावरींची रांग वाटेवर उभी राहिली.

दसऱ्याला कोंडूमामा आला तेव्हा बहीणभावांचं विहिरीवरून भांडण जुंपलं.

"बाव डाव्या हाताला व्हती," सकुबाई म्हणाली.

"उजव्या गो! मी जल्मभर तिथलं पानी काडलं."

दोघंही मागं हटेनात. मग चंद्रकलेच्या ध्यानात आलं. आई नदीवरून घराकडे येतानाची वाट सांगत होती आणि मामा घरून निघतानाची. दोघांचंही बरोबर होतं. लग्न होऊन गेलेल्या पोरीला घरी येतानाची वाट आठवत होती, आणि शेवटपर्यंत तिथं राहिलेल्या भावाला घर सोडतानाची. ती हे बोलली तेव्हा कोंडूमामानं टोपी काढली आणि डोकं खाजवलं.

गाव उभं राहिलं खरं, पण त्यात चालता येईना. काटेसावरीचं फूल न् फूल चंद्रकलेनं जीव लावून केलं होतं. तो सगळा भार कॉम्प्युटरच्या ग्राफिक कार्डावर पडे. वर उन्हानं तापलेला पत्रा, त्यात भारनियमनाचे दिवस. सकुबाई खुर्चीत बसे, चंद्रकला तिला नदीपासून चालवत आणी. नदी ओलांडली, चढ चढला, झाडं मागं पडली, आणि विहिरीजवळ आलं की कार्डाचा पंखा घोंघावायला लागे, पडद्यावर रंगीत पट्टे उमटत आणि यंत्र बंद पडे. तिनं कॅबिनेट उघडं टाकलं, समोर टेबलफॅन लावला, कल्याणहून मोठा पंखा आणून बसवला. विहिरीच्या पुढं काही जाता येईना.

"ऱ्हाऊ दे," सकुबाई उठताना म्हणे. "आज पन बावीवरनंच माघारी."

असं पुष्कळदा झालं. शेवटी चंद्रकलेनं साईनाथला मेल केली. किती तरी वर्षांनी.

साईनाथ भातसानगरच्या कॉलनीत वाढलेला. त्याचे वडील धरणावर दरवाज्यांच्या कामाला होते. शहापूरच्या त्या पहिल्या क्लासमध्ये एका कॉम्प्युटरवर दोघांना बसवत, तसे ते दोघं एका कॉम्प्युटरवर आले. क्लास सुटला की ती किन्हवलीच्या गाडीची वाट बघे आणि तो भातसानगरच्या. गाड्या उशिरा याव्यात असं दोघांनाही वाटे आणि बहुतेक वेळा त्या येतही उशिराच. एकदा स्टँडवर उभं असताना तो म्हणाला होता, "तुझ्या आईला भेटायला येऊ का मी?" ती पटकन बोलून गेली, "नको. इतक्यात नको." जिचं माहेर धरणात गेलं तिच्या दारात धरणावाल्याचा मुलगा कसा उभा करायचा, हे तिला कळत नव्हतं. त्यानं वाट पाहिली. मग बंगळूरला नोकरी लागली, तो गेला. त्याचं लग्न झाल्याचं, मुलगी झाल्याचंही तिला कळलं होतं.

मेलमध्ये तिनं फक्त कार्डाचं लिहिलं. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. बाबा रिटायर होतायत, क्वार्टर रिकामी करायला मे महिन्यात येतोय, कार्डाचा नंबर कळव. हे असं पंख्यानं भागणार नाही, याला पाण्यानं गार ठेवावं लागेल.

तो आला तो दुपारचा, हातात खोकं घेऊन. कानशिलावर केस पांढरे झाले होते. चंद्रकलेनं विचार करून ठेवलेलं एकही वाक्य तिला आठवलं नाही. ती म्हणाली, "ऊन फार आहे ना बाहेर?" तो म्हणाला, "हो, फार." आणि दोघं कामाला लागली.

त्यानं कार्ड बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवलं. पाठीमागचे स्क्रू सोडवले. पंखा आणि त्याखालची धातूची ताटली चिपला घट्ट चिकटून बसली होती. "ओढायचं नाही," तो म्हणाला. "चिप हातात येईल. थोडं गरम करून हळूहळू फिरवायचं." चंद्रकलेनं केस वाळवायचं यंत्र आणलं. ती गरम हवा धरून राहिली आणि तो ताटली किंचित इकडे, किंचित तिकडे फिरवत राहिला. चुकचुक आवाज करत ती सुटली. खालचा सुकलेला राखाडी लेप चंद्रकलेनं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून काढला. चिप आरशासारखी दिसायला लागली.

मग खोक्यातून त्यानं तांब्याचा ठोकळा काढला. तळहाताएवढा, जड, खालून लख्ख घासलेला, वरती पाणी आत शिरायला आणि बाहेर पडायला दोन तोंडं. चिपवर त्यानं तांदळाच्या दाण्याएवढा नवा लेप ठेवला, आजूबाजूच्या बारक्या चिपांवर मऊ पट्ट्या लावल्या आणि ठोकळा अलगद वर बसवला.

"आता स्क्रू तू आवळ. एकदम नाही. एक इकडचा थोडा, मग समोरचा थोडा."

"माहीत आहे," ती म्हणाली. पण त्यानं सांगितलं तसंच केलं.

सकुबाई दारात येऊन बघत होती. "कोनाचा रं तू?" तिनं विचारलं.

चंद्रकलेचा हात थांबला. "भातसानगरचा, मावशी," साईनाथ म्हणाला. "बाबा धरणावर होते. आता रिटायर झाले."

सकुबाई आत गेली. थोड्या वेळानं पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून त्याच्यापुढं ठेवला.

नळ्या जोडून झाल्या. पंप, पाण्याची छोटी टाकी, पाणी गार करायची पंख्याची जाळी, सगळं एकमेकांना जोडलं गेलं. बॅटरीवाल्याच्या दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड पाणी साईनाथनं टाकीत ओतलं. कार्डाला वीज न देता आधी नुसता पंप चालू केला. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवला. थेंबभर गळलं तरी कागदावर दिसेल. नळ्यांतून बुडबुडे पळायला लागले.

"आता ह्यातबी पानी?" सकुबाईनं विचारलं.

"हे बाहेर जात नाही, मावशी. इथं तापतं, त्या जाळीत जाऊन निवतं, आणि परत येतं."

"परत येतं ना? मंग बरं."

पाणी फिरू देऊन ते वाट बघत बसले. चंद्रकलेनं विचारलं, मुलगी कितवीत गेली. त्यानं सांगितलं. बाबांचं तो सांगत होता: सामान बांधून झालंय, पण रोज तिन्हीसांजेला धरणाच्या भिंतीकडे जाऊन उभे राहतात, बोलावल्याशिवाय येत नाहीत.

"येळ लागतो," सकुबाई आतून म्हणाली. "सांग त्याला. जागा सुटाया येळ लागतो."

कागद कोरडे राहिले. कार्ड जागेवर गेलं, यंत्र सुरू झालं. सकुबाई पदर सावरून खुर्चीत बसली, जणू खरंच कुठं निघाली होती. चंद्रकलेनं तिला नदीवरून चालवत आणलं. चढ, काटेसावरी, विहीर. पडद्यावर पट्टे उमटले नाहीत. विहीर मागं पडली. वळण आलं, गोठा आला, आणि समोर घर उभं राहिलं.

सकुबाई पुढं वाकली. ओटी, खांब, वळचणीला खोचलेला विळा. चंद्रकलेनं तिला अंगणात नेऊन उभं केलं.

"माणसां कुठं हायेत गो?" सकुबाईनं विचारलं.

चंद्रकलेकडे बंगल्यांच्या चित्रांत ठेवायची तयार माणसं होती. तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं एक ओटीवर ठेवून दिला: कोटातला, हातात बॅग घेतलेला. सकुबाई त्याच्याकडे बघून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"काड त्याला. माज्या बाबाच्या जागेवर बसलाय तो."

साईनाथ संध्याकाळच्या गाडीनं गेला. चंद्रकला त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेली. "पाणी वर्षातून एकदा बदल," तो म्हणाला. "शेवाळ धरतं." ती बरं म्हणाली. तो वळून एकदा काहीतरी बोलणार असं वाटलं, पण रिक्षा आली.

ती घरी आली तेव्हा सकुबाई चुलीशी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्योच का तो? स्टँडवर भेटायचा?"

"तुला कुणी सांगितलं?"

"किन्हवलीच्या यष्टीत काय लपतं? मी वाट बघत व्हते, तू कदी बोलशील म्हनून. बोलली आसतीस तं मी नाय म्हनाले नसते."

"धरणावाला होता ना, आई. तुला कसं—"

"धरन काय त्याच्या बापानं घरी नेलं? मी गावापायी रडायची, पोरी. मानसावर कुठं राग व्हता माजा?"

तव्यावर भाकरी फुगली. चंद्रकला उठून पुढच्या खोलीत आली. पंप बारीक आवाजात चालू होता. ती खाली बसली आणि कॅबिनेटमधले सांधे एकेक करून बोटानं चाचपून पाहू लागली. सगळे कोरडे होते. तरी ती पुन्हा पहिल्यापासून चाचपत राहिली, आईनं जेवायला हाक मारेपर्यंत.

त्या वर्षी भाऊबीजेला तिनं अख्खं यंत्र मुरबाडला नेलं. जीपमध्ये कॅबिनेट मांडीवर उभं धरून बसली, खड्डा आला की दोन्ही हातांनी कवटाळायची. कोंडूमामानं निरोप धाडून पांगलेली माणसं जमा केली होती. म्हातारे, त्यांच्या सुना, सावरखोंड कधी न पाहिलेली नातवंडं. पडद्यावर वाट सुरू झाली आणि गलका उडाला. "थांब, थांब, माजं घर ऱ्हायलं!" "तिथं आमचं शेंदरीचं झाड व्हतं!" प्रत्येकाला आपापल्या दारापर्यंत जायचं होतं. चंद्रकला वीज असेपर्यंत त्यांना फिरवत राहिली आणि सुचवलेलं सगळं बसवायचं कबूल करत राहिली. सकुबाई पडद्याकडे बघतच नव्हती. ती जमलेल्या माणसांकडे बघत होती. आदल्या दिवशी शहापुराहून निघताना शेजारणीनं विचारलं होतं, कुठं निघालात? आणि सकुबाई म्हणाली होती, "माहेरी."

पुढं काही वर्षांनी चंद्रकलेनं नवीन यंत्र घेतलं. त्याचं कार्ड पंख्यावरच गार राहायचं. जुनं भंगारवाल्यानं नेलं. नेण्याआधी तिनं नळ्या सोडवून पाणी मोरीत ओतलं.

साईनाथचा फोन मात्र त्यानंतरही दर मे महिन्यात येई. मुलीचं सांगे, बाबांचं सांगे, सकुबाईची चौकशी करी, आणि ठेवताना विचारी, "पाणी बदललंस का यंदा?"

"बदललं," चंद्रकला म्हणायची.