कापूस घरी येईपर्यंत

धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, भांडण पेटलं की त्या गावातली माणसं तहसीलकडे नव्हे, मशिदीच्या पायरीकडे वळत. पायरीवर गुलाम रसूल बसे. धंद्याने शिंपी, दीड एकराचा धनी. पण रोहिणखेडजवळच्या त्या लहानशा गावात सगळे त्याला काजीसाहेब म्हणत. इमादशाही गेली, निजामशाही बुडाली, मोगलांचा अंमलही उठला, तरी काजीचा मान त्याच्या घरातून हलला नव्हता. इनाम केव्हाच गेलं होतं, उरला होता नुसता मान. गिऱ्हाइकाची बाही अर्धी टाकून तो न्यायाला उठला की बायको नूरबी म्हणे, "चले बादशहा!"

न्यायाची रीत सुलतानांच्या काळच्या मजलिशीची. धुरा माझा म्हणणाऱ्याने त्याच धुऱ्याची माती टोपलीत घेऊन डोक्यावर ठेवायची आणि सगळ्यांदेखत चालायचं. जिथून चालला, ती हद्द. पण मुदत असे: पीक घरात येईपर्यंत त्याच्या घरात मरण आलं, बैल गेला किंवा पीक बुडालं, तर तो खोटा. या धाकानेच खोटा माणूस टोपलीला हात लावत नसे. गुलाम रसूलने कितीतरी डोक्यांवर माती ठेवली होती आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

त्या साली किसनरावाने वच्छलाबाईचा धुरा नांगरून टाकला. बीटी कपाशी आल्यापासून सगळ्यांनाच कपाशीच्या एकेका जास्तीच्या तासाची, ओळीची हाव सुटली होती. पिशवीसोबत कडेला लावायला साधं बियाणं येई, तेही जागा अडते म्हणून लोक फेकून देत. वच्छलाबाई विधवा, पदरी गणेश हा एकुलता एक मुलगा. ती सरकारी मोजणी मागणार होती. गुलाम रसूलनेच तिला अडवलं.

"मोजणीले काऊन जाता बाई? मी जिता हाये ना?"

तिने माती घेतली, धुरा चालली. किसनराव धुऱ्यावरून मागे सरला.

मग बोंडअळी आली. बीटीला अळी लागत नाही, असं सांगूनच बियाणं विकलं होतं. बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी आणि कुजकी सरकी. गावाचा कापूस गेला. पण डोक्यावर माती एकट्या वच्छलाबाईच्या होती.

किसनरावाने पायरीवर माणसं जमवली. "पीक बुडालं. बाई खोटी."

"अस्मानी-सुलतानी माफ असते," गुलाम रसूल म्हणाला. "टोळधाड, दुष्काळ मोजत नाहीत. माह्या बापजाद्यांपासून चालत आलं हे."

"बियाणं आपन दुकानातून आणलं काजीसाहेब. हे अस्मानी कसं?"

 ही अळी ना आभाळातून पडली होती, ना कोण्या सुलतानाने धाडली होती.

वच्छलाबाई उभी राहिली. "धुरा गेला तं जाऊ द्या. पन मले खोटं म्हनू नका. गनेशले ताप आला तरी मले ते टोपलं दिसे. जेवन जात नव्हतं."

"बाई खरी हाये," गुलाम रसूल म्हणाला.

"मंग तुम्ही घ्या माती," किसनराव म्हणाला. "तिच्यासाठी तुम्ही चाला."

टोपली समोर आली. गुलाम रसूल वाकला, काठाला हात लावला. घरी सून महनूर पोटुशी होती, दिवस भरत आले होते. त्याला तिचे सुजलेले पाय दिसले. हात तिथेच थांबले. बाई खरी आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी टोपली उचलवेना. लाजेने त्याचं तोंड काळवंडलं.

वच्छलाबाईने ते पाहिलं. "राहू द्या, काजीसाहेब," ती हळूच म्हणाली.

गुलाम रसूलने टोपली पायरीवर पालथी केली. "जे मले उचलवत नाही, ते म्या लोकाईच्या डोक्यावर ठेवत आलो. आता कोनी माह्याकडे येऊ नका. मोजणीले जा."

दुसऱ्या दिवशी मोजणीचा अर्ज द्यायला तो स्वतः तिच्यासोबत तालुक्याच्या, मोताळ्याच्या बसमध्ये बसला. महनूरला मुलगी झाली, दोघी सुखरूप. नूरबीने गावभर साखर वाटली. त्याला मात्र ती गोड लागेना. उन्हाळ्यात मोजणीवाले आले, साखळी ओढली, दगड रोवले. धुरा वच्छलाबाईचाच निघाला.

गुलाम रसूल धावतच तिच्या दारी गेला. "बाई, खरं झालं!"

ती अंगण झाडत होती. "धुरा भेटला," ती म्हणाली. "पन काल नळावर बाया बोलत होत्या. म्हने दगड काय, सरकारी मानसं कुठंबी रोवतात. माती तं खोटीच निंगाली."

गुलाम रसूल दारातच उभा राहिला. तिने त्याच्यासाठी बाज ओढली, पण तो बसला नाही.