ऊर्ध्वपातन म्हणजे वर पडणं

वामन गेल्याचा निरोप सौंसरच्या बसने आला. पांढुर्ण्यात आमच्या रसायन अभियंत्यांच्या संस्थेच्या शाखेचा वार्षिक समारंभ होता. मी शाखेचा कार्यवाह, हातात संस्थेच्या कामगिरीचं भाषण. कंडक्टर दारातूनच म्हणाला, "वामनराव गेले जी. सकाळीच." खुर्च्या भरल्या होत्या… मी भाषण वाचलं. त्यात पहिलीच कामगिरी होती सौंसरचा रविवारचा वर्ग. तो वर्ग वामनचा, आणि केव्हाच बंद पडलेला. टाळ्या झाल्या. मग मी बस धरली.

नागपूरला आम्ही एका खोलीत राहून शिकलो. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास परतलो, तेव्हा केमिकल इंजिनिअर म्हणजे काय हे इकडे कोणालाच ठाऊक नव्हतं. लोक वामनकडे खोकल्याचं औषध मागायला येत. तो मिठाच्या गुळण्या सांगायचा आणि मला म्हणायचा, "पाय बे, प्रॅक्टिस जमून राहिली." तो सौंसरला तेलगिरणीत लागला, मी सरकारच्या उद्योग खात्यात. आमच्या संस्थेचं एक काम मात्र खरंच मोठं होतं. कॉलेज न पाहिलेल्या कारागिरालाही तिची परीक्षा देता येई, आणि पास झाला की तो इंजिनिअरांत गणला जाई. त्यासाठी वामनने शाळेच्या खोलीत मराठीतून वर्ग काढला. मोहगावहून माणसं सायकलने येत. टेबलावर काचेचं लहानसं यंत्र, त्यात संत्र्याची सालं. वाफ वर चढायची, नळीत थंड व्हायची, थेंब थेंब खाली यायची. फळ्यावर 'ऊर्ध्वपातन' वाचून बॉयलरवाला गोविंदा म्हणाला, "ऊर्ध्व म्हंजे वर, पातन म्हंजे पडनं. साहेब, वर कसं पडन ते?" वामन इतका खूश झाला की तेव्हापासून कुठूनही उठताना "चला, वर पडतो आता" म्हणू लागला. गोविंदा पुढे पास झाला.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. इकडच्या सभासदांनी नागपूर शाखेतच राहायचं की नवी शाखा काढायची, असं संस्थेने विचारलं. नागपूरसोबत राहिलो तर वर्ग मराठीत चालणार, नवी शाखा झाली तर हिंदीत. वामनने सभेत हे नीट मांडलं. मतं बरोबरीत आली, माझं तेवढं उरलं. माझी नोकरी नव्या राज्यात कायम व्हायची होती आणि आमचे साहेब समोर बसले होते. मी नव्या शाखेसाठी हात वर केला. चोरून नाही, वामनच्या शेजारी बसून. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "तुही नोकरी हाये. मले समजते." त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. कार्यवाहपद मलाच मिळालं.

नव्या हिंदी पुस्तकात ऊर्ध्वपातनाला 'आसवन' होतं. वामनने फळ्यावर ते लिहिलं. मागून कोणीतरी विचारलं, "दारू गाळनं शिकवून राहिले काय जी?" सगळे हसले. मी पाहणीला गेलो होतो, मीही हसलो. वामन बोटांवरचा खडू पुसत उभा राहिला. पुढे माणसं गळत गेली, मोहगावची आधी. शेवटी एका रविवारी कोणीच आलं नाही.

आमच्याकडे तो येत राहिला, चहा घेत राहिला. उठताना मात्र नुसतं "येतो" म्हणायचा. हे माझ्या ध्यानात यायलाही फार दिवस लागले…

तेरवीला वहिनींनी ते काचेचं यंत्र माझ्या हातात दिलं. "तुमीच न्या भाऊजी. तुमच्याच शाखेचं होय ना?" टोमणा होता की नाही, विचारायची हिंमत झाली नाही. आता ते माझ्या कचेरीत कपाटावर असतं. रबरी बुचाला अजून संत्र्याच्या सालीचा वास येतो. भोपाळहून साहेब लोक येतात, विचारतात, "ये क्या है?"

मी सांगतो, "आसवन यंत्र." कालही तेच सांगितलं.